मोटर घरी बसवा, बॅटरी घरी बनवू नका

साध्या सायकलला मोटर बसवायची म्हटलं की ऐकावी लागणारी उत्तरं ठरलेली असतात. असले उद्योग घरी करू नयेत. बॅटरी पेट घेते. त्यापेक्षा कंपनीची तयार इ-सायकल घ्या. असं सांगणारी माणसं बहुतेकदा काळजीपोटीच सांगतात. पण या काळजीतून एक मत घट्ट होत चाललं आहे: घरी केलेलं रूपांतर म्हणजे धोकादायक जुगाड, आणि त्याला सरसकट आळा घातला पाहिजे. या मताला माझा ठाम विरोध आहे. धोका नेमका कुठे आहे हे न शोधता सगळ्याच कामावर धोक्याचा शिक्का मारला, तर कोणीही अधिक सुरक्षित होत नाही. ज्यांना अशा सायकलची सर्वांत जास्त गरज आहे, ती माणसं मात्र तिच्यापासून दूर राहतात.

माझं म्हणणं सरळ आहे. मोटर, कंट्रोलर, सेन्सर आणि ब्रेक यांची जोडणी घरी किंवा गल्लीतल्या सायकलच्या दुकानात उत्तम होऊ शकते आणि ती तिथेच व्हायला हवी. बॅटरी मात्र घरी बांधू नये. ती चाचणी झालेली, तयार आणि तिच्याच चार्जरसह विकत घ्यावी. ही एक रेघ स्पष्ट ओढली की बाकीच्या बहुतेक आक्षेपांना उत्तर मिळतं.

आगीचा आक्षेप सर्वांत गंभीर, म्हणून तो आधी घेतो. २०२३ मध्ये एकट्या न्यूयॉर्क शहरात लिथियम-आयन बॅटऱ्यांमुळे २६८ आगी लागल्या आणि १८ माणसांचा जीव गेला. लंडनच्या अग्निशमन दलानेही रूपांतरित सायकलींबद्दल वारंवार इशारे दिले आहेत. हे आकडे झाकून ठेवून या विषयावर प्रामाणिकपणे बोलता येणार नाही. पण या आगींचं मूळ बॅटरीतल्या सेलमध्ये आहे, चाकात बसवलेल्या मोटरमध्ये नाही. सेल मर्यादेपलीकडे चार्ज झाला, चेपला गेला, त्यात पाणी शिरलं किंवा आतला पातळ पडदा फाटला की तो तापतो. एका टप्प्यानंतर ही उष्णता स्वतःच स्वतःला वाढवत नेते, शेजारच्या सेलला पेटवते आणि आग आटोक्यात आणणं फार कठीण होऊन बसतं.

आता ही वेळ कशामुळे येते ते पाहा. जुन्या लॅपटॉपमधून काढलेले, कमी-जास्त वापरलेले सेल एकत्र बांधणं. पट्ट्या स्पॉट वेल्डिंगने जोडण्याऐवजी सेलवर थेट सोल्डर करून त्याला आतून भाजणं. प्रत्येक सेलवर लक्ष ठेवणारं बीएमएस सर्किट पैसे वाचवण्यासाठी गाळणं. आणि हाताला लागेल तो चार्जर जोडणं. यातली शेवटची चूक सर्वांत साधी दिसते. ३६ व्होल्टची नेहमीची लिथियम-आयन बॅटरी दहा सेलच्या मालिकेची असते आणि ४२ व्होल्टवर पूर्ण भरते. लिथियम आयर्न फॉस्फेटची, म्हणजे एलएफपीची, तशीच बॅटरी बारा सेलची असते आणि तिचा चार्जर ४३.८ व्होल्टचा असतो. दोन्ही चार्जर दिसायला सारखे, बऱ्याचदा पिनही सारखी. पण एलएफपीचा चार्जर दुसऱ्या बॅटरीला लावला तर प्रत्येक सेलवर ४.२ ऐवजी जवळजवळ ४.४ व्होल्टचा ताण येतो. अशा वेळी चांगलं बीएमएस चार्जिंग तोडतं. ते नसेल तर अडवणारं काहीच उरत नाही.

या सगळ्या चुका बॅटरी आणि चार्जर यांच्या आहेत. मोटर घरी बसवली की दुकानात, याचा त्यांच्याशी संबंध नाही. आणि कारखान्याचा छाप असला म्हणजे आग लागत नाही, हा समज तर आपल्याच देशात खोटा ठरला आहे. २०२२ च्या मार्च-एप्रिलमध्ये पुण्यासह अनेक ठिकाणी कारखान्यात तयार झालेल्या इलेक्ट्रिक स्कूटर भर रस्त्यात पेटल्या आणि कंपन्यांना हजारो गाड्या परत मागवाव्या लागल्या. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सिकंदराबादमध्ये इ-स्कूटरच्या शोरूमला आग लागली आणि वरच्या मजल्यावरच्या लॉजमधल्या आठ जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर सरकारने इलेक्ट्रिक स्कूटरवर बंदी घातली नाही. बॅटरीची एआयएस-१५६ ही मानकं कडक केली. ते योग्यच झालं. न्यूयॉर्कनेही २०२३ मध्ये हाच मार्ग धरला: प्रमाणपत्र नसलेल्या बॅटऱ्या विकायला मनाई केली आणि वापरलेल्या बॅटऱ्यांतले सेल काढून नवी बॅटरी बांधण्यावर बंदी आणली. इ-सायकल रस्त्यावर राहिली. जिथे धोका होता तिथेच कायद्याने हात घातला. आपल्याकडच्या काळजीवाहूंनी नेमकं हेच शिकायला हवं.

म्हणून घरी रूपांतर करणाऱ्याला माझं सांगणं काटेकोर आहे. सेलवर भारतीय मानक आयएस १६०४६ ची नोंदणी आहे का ते विचारा. विक्रेता बिल आणि हमी देत नसेल तर तिथून बॅटरी घेऊ नका. थोडं वजन वाढलं तरी चालेल, पण शक्य असेल तर एलएफपी घ्या. तिचे सेल उष्णता अधिक सोसतात. चार्जरवर बॅटरीचं नाव आणि व्होल्ट ठळक लिहून ठेवा. सगळे झोपलेले असताना आणि घराच्या एकुलत्या एक दारापाशी चार्जिंग करू नका. फुगलेली, पडून चेपलेली किंवा पुरात भिजलेली बॅटरी दुरुस्त करण्याच्या भानगडीत पडू नका. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम २०२२ नुसार जुन्या बॅटऱ्या परत घेऊन त्यांची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. ती त्याच्याकडून पार पाडून घ्या.

दुसरा आक्षेप फ्रेमचा. साधी सायकल मोटरचं ओझं पेलणार नाही, मध्येच मोडेल, असं सांगितलं जातं. याचं उत्तर हिशेबानेच द्यावं. २५० वॅटच्या हब मोटरचा पीळ साधारण ३० ते ४० न्यूटन-मीटर असतो. २६ इंची चाकावर त्यातून पुढे ढकलणारा जोर होतो शंभर न्यूटनच्या आसपास, म्हणजे दहा किलो वजनाएवढा. सत्तर किलोचा माणूस चढावर उभा राहून पेडल मारतो तेव्हा पेडलच्या दांड्यावर ११० न्यूटन-मीटरहून जास्त पीळ येतो आणि फ्रेम तो वर्षानुवर्षं सोसते. ज्या काळ्या रोडस्टर सायकलींवरून दुधाच्या किटल्या, गवताचे भारे आणि भरलेले गॅस सिलिंडर गेले, त्यांची पोलादी फ्रेम या मोटरने मोडेल ही भीती निराधार आहे.

पण एक जागा खरोखर नाजूक आहे आणि टीकाकार तिचं नावही घेत नाहीत. चाकाचा एक्सल चिमट्याच्या ज्या खाचेत बसतो ती जागा. साध्या चाकाचा एक्सल खाचेला पीळ देत नाही, मोटरचा देतो. दहा मिलिमीटरच्या चपट्या बाजूंवर ३५ न्यूटन-मीटरचा पीळ आला की खाचेच्या कडांवर साडेतीन हजार न्यूटनचा दाब पडतो. तेवढ्याने नट ढिला झाला तर एक्सल खाचेतच फिरतो आणि वायर पिळून तुटते. पुढच्या चाकाची मोटर असेल तर चाकच निसटू शकतं. म्हणून मोटर शक्यतो मागच्या चाकात बसवावी. पुढे बसवायचीच असेल तर फक्त पोलादी चिमट्यात. ॲल्युमिनियमच्या किंवा शॉकअपच्या चिमट्यात कधीही नको. आणि दोन्ही वेळी टॉर्क आर्म हवाच. एक्सलला धरून पीळ फ्रेमवर सोपवणारी ही लहानशी पट्टी न लावता कोणी किट बसवून देत असेल तर तिथून उठून यावं.

यापुढचं काम सायकलचं काम ज्याने एकदा मन लावून केलं आहे त्याला अवघड नाही. मागचं चाक काढायचं, फ्रीव्हील मोटरच्या चाकावर चढवायचं, टायर-ट्यूब बदलून घ्यायची, चाकाचा आउट तपासायचा. वॉशर किटच्या चित्रात दाखवलेल्या क्रमाने घालून नट आवळायचे. पेडलच्या दांड्याशी सेन्सर बसवायचा, ब्रेकच्या मुठी कट-ऑफवाल्या लावायच्या, म्हणजे ब्रेक दाबताच मोटर बंद होते. वायरचा एक वळसा खाली सोडायचा, म्हणजे पावसाचं पाणी वायरवरून ओघळून मोटरच्या आत न जाता खाली गळतं. शेवटी चाक अधांतरी ठेवून फिरवून बघायचं आणि पहिल्या काही दिवसांनी सगळे नट पुन्हा आवळायचे. सायकल मेकॅनिकच्या हाताला यातलं एकच काम नवं आहे, वायरिंगचं. आणि किटमधले कनेक्टर रंग जुळवून जोडायचे असतात.

ब्रेकच्या बाबतीत मात्र मी टीकाकारांहून कडक आहे. ताशी १८ किलोमीटरवरून वेग २५ वर गेला की सायकल थांबवायला लागणारी ऊर्जा जवळजवळ दुप्पट होते. जुन्या रॉड ब्रेकचे रबर ओल्या पोलादी रिमवर आधीच घसरतात. शिवाय किटसोबत येणारी मोटर साध्या ॲल्युमिनियम रिमवर विणलेली असते आणि त्या रिमला रॉड ब्रेक बसतच नाही. म्हणजे मोटर बसवली की एका चाकाचा जुना ब्रेक गेलाच. अशी सायकल उरलेल्या एका ब्रेकवर चालवणं हा शुद्ध अविचार आहे. आधी दोन्ही चाकांना कॅलिपर, व्ही-ब्रेक किंवा डिस्क बसवा, मगच बॅटरी जोडा. ब्रेकवर पैसे घालायचे नसतील तर मोटरवरही घालू नका.

तिसरा आक्षेप कायद्याचा. घरी केलेली इ-सायकल बेकायदा आहे, असं कोणी ठणकावून सांगितलं की समोरचा माणूस गप्प बसतो. वस्तुस्थिती अशी. केंद्रीय मोटर वाहन नियमांतल्या नियम २ (यू) प्रमाणे काही अटी पाळणारी पेडल-सहाय्यक सायकल मोटर वाहन समजली जात नाही. मोटरची तीस मिनिटांची शक्ती २५० वॅटपेक्षा कमी हवी. वेग ताशी २५ किलोमीटरला पोहोचताना किंवा पेडल थांबताच तिची मदत बंद व्हायला हवी. बॅटरी सोडून वजन ६० किलोच्या आत असावं, ब्रेक योग्य असावेत, पुढे पांढरा आणि मागे लाल परावर्तक असावा. अशा सायकलला नोंदणी, परवाना, विमा लागत नाही. पण या अटींची पडताळणी नियम १२६ मधल्या चाचणी संस्थेने केलेली असावी, असंही नियम म्हणतो. पुण्याची एआरएआय ही अशीच एक संस्था.

इथेच खरी अडचण आहे. ही पडताळणी उत्पादकांच्या मॉडेलसाठी आखलेली आहे. आपली एकच सायकल घेऊन जाणाऱ्या माणसासाठी त्या व्यवस्थेत दारच नाही. सगळ्या तांत्रिक अटी पाळूनही तो कागदावर अधांतरी राहतो. यात दोष त्याचा नाही, नियमातल्या फटीचा आहे. आणि ती बुजवणं मुळीच अशक्य नाही. पेट्रोलच्या गाड्यांचं इलेक्ट्रिक गाडीत रूपांतर करण्याच्या किटसाठी आपल्याकडे एआयएस-१२३ हे मानक आधीच आहे: किटची चाचणी होते, ते मंजूर होतं आणि मग गाडीत बसवलं जातं. टन-दीड टन वजनाच्या मोटारीचं रूपांतर ज्या देशाला नियमात बसवता येतं, त्याला वीस-बावीस किलोच्या सायकलचं बसवता येत नाही, हे मला पटत नाही.

याच न्यायाने आपल्या बाजूच्या काही जणांनाही सुनावलं पाहिजे. हजार वॅटची मोटर लावून ताशी ४५ किलोमीटरने पळणारी सायकल ही सायकल नव्हे. ती नोंदणी, विमा आणि दिवे नसलेली मोटरसायकल आहे आणि पादचाऱ्यांना तिच्यापासून संरक्षण मिळालंच पाहिजे. वेगमर्यादा काढून टाकण्याच्या युक्त्या शिकवणारे लोक या चळवळीचे मित्र नाहीत. बंदी मागणाऱ्यांच्या हाती पुरावा देण्याचं काम तेच करतात. २५० वॅट पुरत नाहीत ही तक्रारही खोटी आहे. सायकल आणि स्वार मिळून शंभर किलो धरा. चार टक्क्यांचा चढ ताशी १२ किलोमीटरने चढायला सुमारे १५५ वॅट लागतात. साधा निरोगी माणूस ऐंशी-नव्वद वॅट सहज देतो. उरलेलं मोटरने दिलं की चढ सपाटीसारखा होतो, तेही मोटरची निम्मी ताकद शिल्लक ठेवून.

चौथा आक्षेप: तयारच का घेत नाही? ज्याला परवडतं त्याने जरूर घ्यावी. पण ती बहुधा पंचवीस हजारांच्या पुढे जाते, आणि दारात उभी असलेली धडधाकट सायकल तिच्यासाठी भंगारात जाते. तयार वस्तू म्हणजे कायमची निश्चिंती, हेही खरं नाही. नेदरलँड्समधली व्हॅनमूफ ही नावाजलेली इ-सायकल कंपनी जुलै २०२३ मध्ये दिवाळखोर ठरली. तिच्या सायकलींचं कुलूप ॲपवर चालत होतं आणि सुटे भाग तिच्याशिवाय मिळत नव्हते. आपली सायकल उद्या उघडेल का, ही चिंता हजारो ग्राहकांना लागली. साध्या किटमध्ये मोटर एकाची, कंट्रोलर दुसऱ्याचा चालतो. एक भाग गेला तर तेवढाच बदलता येतो, आणि बदलणारा मेकॅनिक आपल्या वस्तीतलाच असतो. दुरुस्त करता येणं हाही सुरक्षिततेचाच भाग आहे. ज्या वस्तूचं पोट उघडता येत नाही, तिच्यातला बिघाड वेळेवर कळतही नाही.

शासनाचं धोरण मात्र उलट्या दिशेला झुकलेलं आहे. तयार इ-सायकलवर ५ टक्के जीएसटी आहे. तीच लिथियम-आयन बॅटरी सुटी घेतली तर १८ टक्के. जुनी वस्तू टिकवणाऱ्याने जास्त कर भरायचा आणि नवी घेणाऱ्याने कमी, याला पर्यावरणाचं धोरण म्हणता येत नाही. कर जास्त असला की माणूस स्वस्त, बिनबिलाच्या बॅटरीकडे वळतो. म्हणजे जिथे धोका आहे तिथेच ही करआकारणी त्याला ढकलते.

व्यायाम बुडतो, असाही एक आक्षेप असतो. युरोपातल्या सात शहरांत दहा हजारांहून जास्त लोकांची पाहणी करून २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात इ-सायकल आणि साधी सायकल चालवणाऱ्यांची एकूण शारीरिक हालचाल जवळजवळ सारखीच आढळली. दर किलोमीटरला कष्ट कमी होतात, पण माणूस जास्त लांब जातो. आणि खरा प्रश्न साधी सायकल सोडणाऱ्याचा नाहीच. गुडघे दुखतात म्हणून सायकल अडगळीत टाकून जो स्कूटरवर बसला, त्याचा आहे.

आता या वादात ज्यांचं नाव सहसा निघत नाही त्यांच्याकडे बघू. २०११ च्या जनगणनेत देशातल्या सुमारे ४५ टक्के घरांत सायकल होती. ती इचलकरंजी-मालेगावच्या यंत्रमाग कामगाराची आहे. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत पाळीवर जाणाऱ्याची आहे. पहाटे पेपर टाकणाऱ्याची, दूध घालणाऱ्याची आहे. मानव विकास मिशनमधून सायकल मिळालेल्या आणि त्यामुळे शाळा न सुटलेल्या मुलींची आहे. यांच्यापैकी कोणालाही महागडी तयार इ-सायकल सहज घेता येणार नाही. तीस किलोमीटरच्या चार्जिंगला अर्ध्या युनिटहून कमी वीज लागते, म्हणजे तीन-चार रुपये. पेट्रोलवर रोज खर्च करणाऱ्या घराला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. या माणसांना आपण केवळ ‘हे घरी करू नका’ एवढंच सांगितलं तर ती थांबणार नाहीत. ती करतीलच, फक्त सर्वांत स्वस्त आणि सर्वांत वाईट सामान वापरून. मनाईचा परिणाम इतकाच होईल.

आणि जुगाड म्हणून ज्याची हेटाळणी होते त्या कामाला मोठा वारसा आहे. मागच्या चाकात मोटर असलेल्या सायकलचं पेटंट अमेरिकेत ऑग्डेन बोल्टन यांना १८९५ मध्येच मिळालं होतं. दुसऱ्या महायुद्धानंतर पेट्रोल आणि वाहनांची टंचाई असलेल्या जपानमध्ये, १९४६ साली, सोइचिरो होंडा यांनी हामामात्सुच्या लहानशा जागेत लष्कराची वायरलेस संचांसाठीची उरलेली इंजिनं सायकलींना बसवली. जगातली सर्वांत मोठी मोटरसायकल कंपनी त्यातून उभी राहिली. तेव्हा हे काम अनधिकृत आहे म्हणून कोणी पाना हातातून काढून घेतला असता तर तिथेच संपलं असतं.

म्हणून बंदीची भाषा सोडून द्या आणि चार गोष्टी मागा. पहिली, २५० वॅटच्या आतल्या सायकल किटसाठी स्वतंत्र मान्यता: चाचणी किटची आणि बॅटरीची व्हावी, प्रत्येक सायकलची नव्हे. दुसरी, मानक नसलेली बॅटरी आणि चार्जर विकणाऱ्यावर, मग तो दुकानात विको की ऑनलाइन, कडक कारवाई. तिसरी, प्रमाणित बॅटरीवर तयार इ-सायकलएवढाच कर. चौथी, आयटीआयमध्ये सायकल मेकॅनिकसाठी अल्पमुदतीचा अभ्यासक्रम, म्हणजे टॉर्क आर्म आणि योग्य ब्रेक याशिवाय किट बसवायचं नाही ही शिस्त दुकानांत रुजेल. यातल्या एकाही मागणीसाठी नवं संशोधन लागत नाही.

हे होईपर्यंत ज्याच्या हातात कसब आहे त्याने मागे हटू नये, आणि हद्दही ओलांडू नये. मोटर बसवा, ब्रेक सुधारा, २५ च्या वेगाला बांधलेले राहा, बॅटरी प्रमाणित घ्या. एवढं पाळणाऱ्याला गुन्हेगार किंवा बेजबाबदार म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही. आपल्या शहरांना धूर आणि गर्दी यांतून बाहेर काढण्याचं काम तो स्वतःच्या खर्चाने करतो आहे. त्याला अडवणाऱ्यांनी आधी त्याच्याएवढी काळजी घेऊन दाखवावी.